एका वाटी पिठाला किती पाणी

किस्से साठतात कसे, ते सांगते. सकाळी ऑफिसात काहीतरी घडतं. दुपारी जेवताना सांगू म्हणून मी डबा उघडते, तेवढ्यात कोणीतरी कम्प्युटरसमोरून ओरडतं, "नियम बदलला!" डबा तसाच राहतो, किस्साही तसाच राहतो. असे इतके राहिलेत की आता नवऱ्याने बजावलंय, "घरी ऑफिसची फाइल आणायची नाही, आणि किस्सा तर अजिबात नाही!" म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही काय, चहा संपेपर्यंत तरी उठत नाही.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून पुण्याहून आले. मुलं मोठी झाल्यावर एका छोट्या, फुकट काम करणाऱ्या वकिली संस्थेत दुभाषी म्हणून लागले. आमच्याकडे येणारी माणसं म्हणजे ज्यांना कोणीतरी कामाचं आमिष दाखवून इथे आणलं, कागद काढून घेतले आणि धाकात ठेवून राबवलं. अशांसाठी इथे एक वेगळा व्हिसा आहे, त्याला टी व्हिसा म्हणतात. तो मिळाला की राहता येतं, काम करता येतं, मुलांना बोलावून घेता येतं. मिळाला की!

आमची वकील रेवा. आईवडील नागपूरचे, पण ही जन्मली-वाढली इथेच अमेरिकेत, श्रूजबरीला. मला मावशी म्हणते. तिचं मराठी घरातलं, म्हणजे जेवायला बोलवायला आणि रुसायला उत्तम. कायद्यासाठी मी लागते.

आणि इंदूताई. नाव बदललंय. विचारलं तर म्हणाल्या, "इंदूच ठेवा, लहानपणापासनं मला ते नाव आवडायचं." त्यांची केस अजून पेंडिंग आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी तेच विचाराल.

*

आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेले की मला वकीलच समजतात. एकदा एक काका प्लेट घेऊन शेजारी येऊन बसले. आयटीत, ग्रीन कार्डच्या रांगेत जन्म गेलेला.

"काय गं, तुमच्याकडे तो टी का कुठला व्हिसा असतो म्हणे? त्याला लॉटरी असते का?"

"नाही काका."

"स्पॉन्सर लागतो?"

"नाही."

काकांचा चमचा थांबला. "मग काय लागतं?"

मी दमले होते. सरळ सांगितलं, "कोणीतरी तुम्हाला धमकावून, पासपोर्ट काढून घेऊन, सुट्टी न देता राबवून घेतलं पाहिजे. सोडून जायचीही भीती वाटली पाहिजे."

काका जरा विचारात पडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा मॅनेजर चालेल का?"

*

इंदूताई कराडच्या बाजूच्या. नवरा वारला, पदरात एक मुलगी. इथल्या एका मराठी कुटुंबाने त्यांना "आमची मावशी" म्हणून टुरिस्ट व्हिसावर आणलं. सहा महिने मुलं सांभाळायची, भरपूर पैसे, असं ठरलं होतं. विमानतळावरून घरी पोचल्या पोचल्या घरच्या बाईंनी, इंदूताई त्यांना वैनी म्हणायच्या, "हरवेल गं" म्हणून पासपोर्ट घेतला. तो गेला तो गेलाच. पुढे दीड वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, मुलं, भांडी, कपडे. पैसे "गावी पाठवतो" म्हणायचे. गावी पोचले नाहीत. जाते म्हटलं की वैनी म्हणायच्या, "जा की. व्हिसा संपलाय तुझा. पोलीस दारातच उभे असतात."

आता यांचा जबाब लिहायचा. टी व्हिसाच्या अर्जात सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. स्वतःच्या शब्दांत, काय काय सोसलं ते. रेवाने लॅपटॉप उघडला.

"इंदूमावशी, सुट्टी द्यायचे का?"

"द्यायचे की! गणपतीच्या इसर्जनाला."

"पूर्ण दिवस?"

"न्हाई, भांडी झाल्यावर."

"झोपायचात कुठे?"

"तळघरात, कपड्यांच्या मशिनीपाशी. पण थंडी न्हाई वाजायची हां. ड्रायर लावलेला असायचा न्हवं!"

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"आणि जेवण?"

इथे इंदूताई एकदम ताठ बसल्या. "जेवायला द्यायचे. ते खोटं न्हाई लिवायचं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. पोरांना माझा लळा होता, तेबी लिवा."

"मावशी," रेवा मला इंग्रजीत म्हणाली, "त्यांना सांगा, आपण केस लिहितोय, थँक यू कार्ड नाही!"

मी भाषांतर केलं. इंदूताई म्हणाल्या, "मग दोन्ही लिवा."

तीन बैठका झाल्या. वैनींबद्दल एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून काढता आला नाही. शेवटी रेवाने नुसती कामाची यादी लिहिली, सकाळपासून रात्रीपर्यंत, तासानुसार. इंदूताईंनी ऐकली आणि विचारलं, "हे सगळं मी करत हुते?"

*

पूर्वी टी व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला तर माणूस जिथे होता तिथे राहायचा. वाईट, पण तेवढंच. मग नियम बदलला. आता नामंजुरीच्या पाठोपाठ कोर्टाचं समन्स येऊ शकतं, म्हणजे देशाबाहेर घालवायची केस. त्यामुळे अर्ज करू नका, जरा थांबा, असं वकीलच सांगायला लागले. ज्या कामाचा पगार घ्यायचा ते करूच नका म्हणायचं! रेवा त्या आठवड्यात रोज पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती गाडीत बसून राहायची. मी खिडकीतून बघायचे आणि चहा टाकायचे.

इंदूताईंना थांबायची सोय नव्हती. कारण स्वाती. त्यांची मुलगी, वीस वर्षांची, कराडला नर्सिंग शिकत होती. आईचा अर्ज पोचेल त्या दिवशी मुलगी एकविसाच्या आत असली पाहिजे, तरच ती आईमागे येऊ शकते. आणि इथे येईपर्यंत तिचं लग्न झालेलं चालत नाही. वाढदिवसाला तीन महिने राहिले होते.

रेवाने सगळं नीट समजावलं. केला आणि नामंजूर झाला तर कोर्ट. नाही केला तर स्वाती कायमची तिकडे.

इंदूताईंनी विचारलं, "कोर्टात मारत्यात का?"

"नाही."

"मग करा."

पण पुढची पंचाईत वेगळीच. गावी मामाने, म्हणजे इंदूताईंच्या भावाने, स्वातीसाठी स्थळ बघितलं होतं. मुलगा चांगला, सुपारी फोडायची तयारी. स्पीकरवर फोन लावला. रेवा तिच्या मराठीत म्हणाली, "मामा, स्वातीचं लग्न आत्ता करू नका. आम्ही सांगेपर्यंत नाही."

मग मामांनी विचारलं, "वकीलबाईंचं झालंय का?"

"माझं? नाही."

"वय काय म्हनायचं?"

"एकतीस."

मामांनी मोठा सुस्कारा सोडला. "तरीच! तिकडं कायदाच तसा असंल."

स्थळ थांबलं, ते मात्र खरं.

*

वकिली म्हणजे कोर्टात टेबलावर हात आपटणं, असं मला वाटायचं. आता कळलंय, वकिली म्हणजे पानाच्या तळाशी असलेली बारीक तारीख वाचणं.

प्रत्येक फॉर्मच्या तळाशी कोपऱ्यात त्याच्या आवृत्तीची तारीख असते, मुंगीएवढ्या अक्षरात. आम्ही इंदूताईंचा गठ्ठा पाठवला. जबाब, भाषांतरं, जन्मदाखले, चांगला वीतभर जाड. आणि तो वाटेत असतानाच फॉर्मची नवी आवृत्ती आली. प्रश्न तेच, उत्तरं तीच, कोपऱ्यातली मुंगी फक्त वेगळी.

अख्खा गठ्ठा परत आला. परत आला म्हणजे पोचलाच नाही, असा हिशेब. स्वातीच्या वाढदिवसाला एकोणीस दिवस.

मी रेवाला कधी शिव्या देताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि तेही अस्सल नागपुरी! म्हटलं, बरं झालं, आईवडिलांनी मुलीला अगदीच काही शिकवलं नाही असं नाही.

परत सगळं टाइप केलं. परत सह्या. इंदूताई सही सावकाश करतात, प्रत्येक अक्षर वेगळं बसवतात. शेवटच्या सहीनंतर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा करायची असंल तर आत्ताच सांगा, हात चालतोय तंवर करून ठिवते."

तेव्हापासून मला खोडच लागलीये. मंडळाच्या दिवाळीचं आमंत्रण आलं तरी मी आधी खालचा कोपरा बघते. नवरा म्हणतो, "अगं, फराळ आहे, फॉर्म नाही!"

*

पावती आली. अर्ज पोचल्याची तारीख स्वातीच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधीची. चार! रेवाने ती पावती तीनदा वाचली, मग मला मिठी मारली, मग लगेच म्हणाली, "मावशी, याच्या तीन कॉपीज काढा." वकील ती वकीलच.

योगायोगाने त्या दिवशी संकष्टी होती. त्या घरातून सुटल्यावर इंदूताई ज्या शेल्टरमध्ये राहायच्या तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी आम्हाला बोलावलं आणि उकडीचे मोदक केले. कळ्या अशा, की खायचं सोडून बघत बसावं. मी पुण्याची असून माझे मोदक दरवर्षी फुटतात. म्हटलं, शिकवा.

"पिठाएवढंच पाणी, ताई. एका वाटीला एक वाटी. वर थेंब नगं. पाणी जास्त झालं की त्याची खळ हुती, मग देव आला तरी कळी पडत न्हाई."

रेवाने तेवढ्यात एक महत्त्वाचं काम उरकून घेतलं. "इंदूमावशी, तुमचा फोन नंबर बदला. त्या लोकांकडे जुना इंडियाचा नंबर आहे, व्हॉट्सॲपचा. निदान ब्लॉक तरी करा."

"तो नंबर स्वातीला पाठ हाय. बदलायचा न्हाई," इंदूताई म्हणाल्या. "आन ब्लॉक कशापायी? कुणाचं तोंड असं बंद करू ने."

"बरं, मग काही मेसेज आला तर मला विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. प्रॉमिस?"

"खावा गरम हाय तंवर," इंदूताई म्हणाल्या.

*

दोन महिन्यांनी सरकारकडून पत्र आलं. अर्ज बघितला, पुरावा कमी वाटतो. धाकात ठेवलं होतं कशावरून? पासपोर्ट काढून घेतला होता कशावरून? उत्तराला मुदत गणपतीनंतरच्या आठवड्यापर्यंत. पुरावा दिला नाही तर नामंजुरी, त्यामागून कोर्ट, आणि स्वातीचं येणं संपलं.

आता तळघरात ठेवलेल्या बाईकडे पुरावा कुठला असणार? वैनी काय पावती देणार होती, पासपोर्ट मिळाला, धन्यवाद?

रेवा म्हणाली, निदान कोणीतरी साक्ष द्यावी. इंदूताईंना त्या घरात राबताना बघितलेलं कोणी. ते कुटुंब आमच्याच मंडळातलं, म्हणून मंडळातल्या दोघीतिघींना मी त्यांच्याबद्दल हळूच विचारलं. कोणासाठी, कशासाठी, काही न सांगता, नुसता अंदाज घ्यायला. एकजण म्हणाली, "अगं, किती चांगली माणसं ती! दरवर्षी गणपतीला देणगी देतात." दुसरी म्हणाली, "त्यांची मावशी ना? ती इंडियाला गेली, आई आजारी आहे म्हणून." तिसरी म्हणाली, "आम्ही काही बघितलं नाही बाई." आणि विषय बदलून मला विचारलं, "यंदा मोदक त्यांचेच ना?"

कारण वैनींचे एकशे एक उकडीचे मोदक आमच्या मंडळात प्रसिद्ध होते. गेली दोन वर्षं माइकवरून टाळ्या!

आता हे सांगायला मला जड जातंय, पण सांगते. मागच्या वर्षी मीही ते मोदक खाल्ले होते. तीन. वैनींना रेसिपी विचारली, तर म्हणाल्या, "अगं, हाताचा अंदाज असतो." मागे एक बाई मोठं ताट धरून उभी होती. मी माझी रिकामी प्लेट तिच्या हातात दिली, टाकायला. तोंडाकडे बघितलंही नाही. आणि त्याच हॉलच्या लेडीज टॉयलेटमध्ये सकाळी मीच आमच्या ऑफिसचा मराठी कागद चिकटवला होता, "तुम्हाला कोणी कोंडून राबवतंय का?" खाली फाडून न्यायच्या चिठ्ठ्या, फोन नंबरच्या. मी मोठी समाजसेविका! त्यातली एक चिठ्ठी त्या बाईने फाडून ब्लाउजात ठेवली. पुढच्या आठवड्यात मुलांना शाळेच्या बसवर सोडताना, रस्ता ओलांडून देणाऱ्या अमेरिकन बाईला चिठ्ठी दाखवून तिच्या फोनवरून आम्हाला फोन केला, कारण स्वतःचा इंडियाचा फोन घरच्या वायफायवरच चालायचा. फोन मी उचलला होता.

हे मी इंदूताईंना एकदा सांगितलं. प्लेटचं. रडू आवरेना मला, लाज वाटत होती.

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुमी म्हनाला हुता, मोदक काय सुरेख झालेत. मी मागंच हुते. बरं वाटलं हुतं."

*

गणपतीला दोन दिवस होते. पुराव्याच्या मुदतीला नऊ. रेवा आतल्या खोलीत जुनी प्रकरणं उपसत होती. इंदूताई आल्या, इकडे तिकडे बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, वैनीचा मेसेज आलाय सकाळी. वकीलबाईंना सांगू नका, रागावतील. मी उत्तर दिलंय."

मी चष्मा लावला. मेसेज असा होता:

"इंदू, तू कुठे आहेस ते विचारत नाही. तुझा पासपोर्ट आमच्या लॉकरमध्येच आहे. तीन वर्षं काम केल्याशिवाय मिळणार नाही असं मी म्हणाले होते, पण जाऊ दे, येऊन घेऊन जा. आधी एक सांग, उकडीला एका वाटी पिठाला तू पाणी किती घेतेस? परवा मंडळाचे एकशे एक आहेत. काल दोनदा करून बघितले, सगळे फुटले. लगेच कळव."

मी परत वाचला. मग रेवाला अशी हाक मारली की समोरच्या डेंटिस्टकडची माणसं बाहेर आली.

मी इंग्रजीत सांगत गेले, रेवा ऐकत गेली. लॉकर. पासपोर्ट. तीन वर्षं. ती खुर्चीवर बसायला गेली आणि जमिनीवरच बसली. "लिहून दिलंय," म्हणाली. "मावशी, तिने स्वतः लिहून दिलंय! मोदकासाठी!"

मग एकदम उठली. "उत्तर? इंदूमावशींनी काय उत्तर दिलं? तेही लावावं लागेल, अख्खं चॅट द्यावं लागतं. वाचा."

मी बोट वर सरकवलं. इंदूताईंचं उत्तर:

"वैनी नमस्कार. पोरं बरी हायत ना? एका वाटीला दोन वाट्या पाणी. हात सैल ठेवा. फुटायला लागले तर अजून पाणी घाला."

मी मान वर करून इंदूताईंकडे बघितलं. त्या रेवाच्या टेबलावरचा चहाचा डाग टिश्यूने पुसत होत्या.

"काय झालं, ताई?" त्यांनी विचारलं. "नीट लिवलंय न्हवं?"

संध्याकाळपर्यंत मी दोन्ही मेसेजचं भाषांतर केलं, शब्दाला शब्द. रेवाने दुभाष्याच्या शपथेचा कागद पुढे ठेवला: वरील भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे.

"मावशी, नीट चेक केलंत ना? एकसुद्धा आकडा चुकला तरी ते प्रश्न विचारतील."

"भाषांतर अगदी बरोबर आहे," मी म्हणाले, आणि सही केली.